चित्रातला मोकळा खांब

जेबेझ स्टॉरनं एकतीस वर्षं एकच काम केलं. वादळाची तार आली की धक्क्यावरच्या उंच खांबावर काळी टोपी चढवायची. टोपी म्हणजे डांबर फासलेल्या कॅनव्हासचा माणूसभर उंचीचा शंकू. तो वर दिसला की आमच्या स्केलविक बंदरातली एकही होडी हलायची नाही. आमचे कोळी बिशपचं ऐकणार नाहीत, पण जेबेझच्या टोपीचं ऐकत. म्हाताऱ्याला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

१९०९ च्या उन्हाळ्यात नगरपालिकेला डोहाळे लागले. शेजारच्या गावांनी म्हणे पाहुणे ओढायला मार्गदर्शक पुस्तकं छापली, मग आपणच का मागे? चिटणीस ऑगिल्बीसाहेब बसले लिहायला. हेरिंग मासळीच्या आतड्यांचा वास मारणारा आमचा धक्का त्या पुस्तकात 'आरोग्यदायी हवेचं माहेरघर' झाला. बंदर काय, तर 'बाराही महिने शांत'. चर्चच्या भिंतीवर बुडालेल्यांची नावं कोरायला जागा उरली नव्हती, पण ते कोण लिहिणार!

फोटोवाला आला तो नेमका तारेच्या दिवशी. सकाळी दहाला तार आली आणि जेबेझनं टोपी चढवली. ती पाहून धक्क्यावरचे कोळी घरी गेले. ऊन मात्र लख्ख पडलेलं, पाणी तेलासारखं गुळगुळीत. ऑगिल्बीसाहेब धापा टाकत आले.

"अरे जेबेझ, ते काळं भूत उतरव आधी! मी बाराही महिने शांत लिहिलंय, आणि तू वर सुतक टांगून बसलास?"

"साहेब, तार आहे."

"पाच मिनिटं रे बाबा! आभाळात ढगाचा ठिपका तरी आहे का? फोटो झाला की चढव परत. पुस्तकात तुझंही नाव घालतो, मग तर झालं?"

एकतीस वर्षांत जेबेझ कुणापुढे नमला नव्हता. पण छापील पुस्तकात नाव म्हटल्यावर म्हातारा पाघळला. त्यानं दोर सोडला.

फोटोवाल्यानं काळ्या कापडात डोकं घातलं, तेवढ्यात जेबेझचा जावई अमॉस लेंग दोन गड्यांना घेऊन धक्क्यावर आला. सवयीनं मान वर करून त्यानं खांब पाहिला. खांब मोकळा. त्यानं होडीत पाय टाकला.

हाक जेबेझच्या ओठांवर आली होती. पण आमच्याकडे एकदा होडीत पाय पडला की मागून नाव घेत नाहीत. घेतलं तर माणूस परतत नाही म्हणतात. बायकासुद्धा निरोप घरातच देतात. जेबेझनं हाक गिळली. फोटो झाला की टोपी चढवतो, अमॉस ती बघेल आणि वळेल, असं त्यानं मनाला समजावलं. टोपी चढली तेव्हा होडी बंदराच्या तोंडाशी पोचली होती. आणि निघालेला कोळी मागे वळून पाहत नाही, तोही अपशकुनच. हे काय जेबेझला ठाऊक नव्हतं?

दुपारी तीनला वारा फिरला. चौथ्या दिवशी होडीची एक फळी किनाऱ्याला लागली. माणूस एकही मिळाला नाही.

चौकशीत जेबेझची नोंदवही उघडली गेली. दहाला तार, दहा वाजून पाच मिनिटांनी टोपी वर. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मधल्या वेळाचं कुणी विचारलं नाही. साहेबांनी तोंड उघडलं नाही, आणि जेबेझनंही नाही.

अमॉसची बायको केझाया ही जेबेझची एकुलती एक मुलगी. बाप खचला म्हणून ती त्याला आपल्या घरी घेऊन आली. रोज जेवायला वाढताना तिचं एकच पालुपद असे.

"टोपी वर होती तरी गेला! हट्टी तो शेवटपर्यंत हट्टीच. तुम्ही एवढी चढवलीत, बाबा, डोळे फुटले होते का मेल्याचे?"

जेबेझ वाडग्यात चमचा ढवळत राही. सांगावं तर पोटची पोर तुटणार. न सांगावं तर बिचारा जावई मेल्यावरही शिव्या खाणार. आज नको, उद्या सांगू, असं करत हिवाळा सरला.

वसंतात पुस्तक निघालं. केझायानं घरात पाहुणे ठेवायला सुरुवात केली होती. त्यांच्यापैकी एकजण आपली प्रत टेबलावर विसरून गेला. पहिल्याच पानावर बंदराचं चित्र.

"बाबा, अमॉस! अहो, हा बघा, सुकाणूशी! खांदा कसा पाडून बसलाय, मेला!"

नखाएवढा अमॉस. त्याचा दुसरा फोटो घरात नव्हताच. केझायानं पान कापून चौकटीत बसवलं आणि चुलीवरच्या भिंतीला लावलं. पुस्तकात जेबेझचं नाव कुठेही नव्हतं, बरं का.

नऊ दिवस तिनं फक्त नवऱ्याला पाहिलं. जेबेझ मात्र खांब पाहत होता. दहाव्या दिवशी काच पुसता पुसता तिचा हात थांबला.

"बाबा, होडी अजून धक्क्यालाच आहे. आणि खांबावर टोपी नाही."

जेबेझनं चमचा खाली ठेवला. "मी उतरवली होती, पोरी. फोटोसाठी. पाच मिनिटं."

केझाया ओरडली नाही. तिनं चौकट नीट पुसली, खिळ्याला अडकवली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली,

"नऊ महिने मी त्याला हट्टी म्हणत होते, बाबा. आणि तुम्ही समोर बसून सूप पीत होतात."