धम्मपालांची भाकरी

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात राहणाऱ्या धम्मपाल मेश्रामांचं एक ठाम मत होतं, आणि ते ऐकून घेतल्याशिवाय त्यांच्याकडे चहा मिळत नसे. "कामाची आवड कुणी जन्मताना घेऊन येत नाही. करता करता गोडी लागते." ते स्वतः ऑफिसात टपालावर शिक्के मारत. शिक्का सरळ उमटला की त्यांची कळी खुलायची.

त्यांची लेक क्रांती इंजिनिअर झाली आणि मानेसरच्या कारखान्यात मोटारींचे पार्ट तपासू लागली. वर्षाच्या आतच एका संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून म्हणाली, "बाबा, मी राजीनामा देतेय. माझं पॅशन नाहीये हे."

"मग कशात आहे?"

"तेच तर शोधायचंय ना."

घराण्यातली पहिली इंजिनिअर घरी बसणार म्हटल्यावर धम्मपालांची झोप उडाली. त्यांनी पैज लावली. "मला मुळीच न आवडणारं काम दे. गोडी लागली, तर तू नोकरी सोडायची नाहीस."

"ज्वारीची भाकरी," क्रांती म्हणाली. "रोज. चौदा एप्रिलपर्यंत."

पहिल्या भाकऱ्या परातीतच चिरल्या. पण गडी हटेना. बातमी कॉलनीभर झाली. शेजारचे शर्माजी चाखायला आले आणि "कमाल है, मेश्रामजी" म्हणाले. द्वारकेहून साडू आले. त्यांच्या वरच्या मजल्यावर राहणारा मीही फुकटचं जेवण म्हणून जात होतो आणि वाहवा करत होतो. पुढे पुढे धम्मपाल ऑफिसातही उकडीच्या पाण्यावर भाषण देऊ लागले.

जयंतीच्या दिवशी टम्म फुगलेली भाकरी ताटात टाकून ते म्हणाले, "लागली की नाही गोडी?" क्रांतीचा चेहरा पडला.

"मी लग्न झाल्यापासून थापतेय," परात घासता घासता त्यांची बायको मीराबाई म्हणाल्या. "मला नाही लागली. तुम्ही कधी 'वा' म्हणालात?"

धम्मपालांनी त्यांच्या हातातली परात घेऊन स्वतः घासायला घेतली. घासता घासता त्यांनी लेकीला विचारलं, "तुला काय म्हणतात गं कारखान्यात?"

"खराब पार्ट परत पाठवते. शिव्या देतात सगळे."

"कसा ओळखतेस खराब?"

क्रांती डब्याचं झाकण हातात घेऊन समजावू लागली. भाकरी गार झाली, तरी ती थांबेना. शेवटी धम्मपाल म्हणाले, "वा."

दुसऱ्या दिवशी क्रांती कंपनीच्या बसने कामावर गेली. राजीनामा दिला तो मीराबाईंनी. तेव्हापासून भाकरी धम्मपालच थापतात, आणि मीराबाई पहिला घास घेऊन न चुकता "वा" म्हणतात.