तान्ह्या पोळ्याचे परीक्षक

“निघ बे बाहेर! खाटेखाली लपून राह्यला काय? पाय दिसून राह्यले तुहे!”

पाय माझेच होते. ओरडत होते आमचे सर, आणि तेही दारातून नाही. गल्लीच्या तोंडाशी, सायकलवरून न उतरता, एक पाय नालीच्या कठड्यावर टेकवून. तिथून त्यांना खाटेखालचे पाय दिसतातच कसे, या विचारानं मी इतका घाबरायचो की दप्तर उलटं अडकवून बाहेर पळायचो. पुढे कळलं, ते प्रत्येक घरासमोर हेच ओरडत. आणि प्रत्येक घरात कोणी ना कोणी पाय आत ओढून घेई.

आवाज म्हणाल तर वर्ध्याच्या स्टेशनावर सुटलेली गाडी त्या आवाजानं थांबायची. आमच्या वस्तीतले कावळे उडून आर्वीच्या रस्त्याला लागायचे. मी थोडं वाढवून सांगतो असं माझी बायको म्हणते. पण सरांच्या आवाजाच्या बाबतीत मी हातचं राखूनच बोलतोय.

रोज सकाळी सर असे गल्लीगल्लीतून पोरं गोळा करत शाळेत पोचायचे. मागं आमची वरात. शाळा नगरपालिकेची, रेल्वेलाईनच्या अलीकडची, दोन खोल्या आणि एक वऱ्हांडा. तिसरी आणि चौथी सरांकडेच. तिसरीचं तोंड एका भिंतीकडे, चौथीचं दुसऱ्या भिंतीकडे, आणि मधे सर, पंख्यासारखे फिरत. इकडे पाढे, तिकडे इतिहास. त्यामुळे आजही माझ्या डोक्यात अफजलखान भेटीला निघाला की सात चोक अठ्ठावीस होतात.

आणि एक वाक्य त्यांच्या तोंडी कायम. “माह्यावर सोड, राजा.”

दात हलतो आहे? “माह्यावर सोड.” हे ऐकेपर्यंत दात सरांच्या हातात असायचा. चप्पल हरवली? “माह्यावर सोड.” संध्याकाळपर्यंत चप्पल सापडायची, कधी आपली, कधी त्याहून बरी. माझी आई बाळंतपणाला दवाखान्यात होती तेव्हा बापाला दुकान सोडता येईना. सर मला शाळा सुटल्यावर आपल्या घरी न्यायचे, वरणभात खाऊ घालायचे आणि सायकलच्या दांड्यावर बसवून घरी सोडायचे. “मले कायचा त्रास? तू माह्यावर सोड.”

अशा माणसावर तुम्ही विश्वास टाकला असता की नसता? मी तर आख्खा टाकला.

आता तान्हा पोळा. तुमच्याकडे पोळा एक दिवसाचा. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी पोरांचा वेगळा पोळा असतो. लाकडाचे नंदी, खाली चाकं, गळ्यात दोरी. नंदी सजवायचा, मैदानात तोरणाखाली रांगेत उभा करायचा, मोठी माणसं झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणणार, मग नंबर निघणार, आणि मग घरोघरी नंदी ओढत बोजारा मागायला निघायचं. कोणी नाणं देतं, कोणी करंजी. आमच्या वस्तीचा तान्हा पोळा शाळेच्या मैदानात भरायचा, आणि परीक्षक कोण? सर.

मी चौथीत होतो. शाळेतलं शेवटचं वर्ष. पाचवीला दुसरीकडे जायचं. तोपर्यंत माझ्या नंदीला कधी काही मिळालं नव्हतं. मिळणार कुठून? बाप सायकली दुरुस्त करायचा. नंदी होता एवढासा, त्याचा एक कान उंदरांनी नेलेला. पण त्या वर्षी माझ्या डोक्यात वीज चमकली. मी नंदीची मान करवतीनं कापली (बापानं मला बदडलं, ते सोडा), ती खिळ्यावर हलती बसवली, आणि सायकलचा स्पोक वाकवून चाकापासून पोटातून थेट मानेला जोडला. दोरी ओढली की चाक फिरे, आणि चाक फिरलं की नंदी मान डोलवे. खरं सांगतो, घरासमोर पहिल्यांदा ओढला तेव्हा शेजारची खरी गाय दावं तोडून त्याच्यामागं निघाली.

हे कोणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण पोटात माईना. सरांना सांगितलं. शाळा सुटल्यावर, वऱ्हांड्यात. चित्रसुद्धा काढून दाखवलं, पाटीवर. स्पोक कुठून शिरतो, कुठं वाकतो, सगळं.

सरांनी पाटी दोन्ही हातांत धरली. बराच वेळ पाहिली.

“तुह्या डोक्यात आलं हे?”

“हो सर. कोणाले सांगू नका.”

“माह्यावर सोड, राजा,” सर म्हणाले आणि पाटी आपल्या हातानं पुसली.

त्याच आठवड्यात सिमेंटवाले शेठ शाळेत आले होते. त्यांचा बंटी आमच्या वर्गात, माझ्याच बाकावर. शेठ आले म्हणजे मोटारसायकल सरळ वऱ्हांड्यात. “मास्तर, मी पोराले इथून काढून राह्यलो. कॉन्व्हेंटमध्ये टाकतो. इथं आहे काय?” सर त्यांच्यासमोर हात जोडून उभे होते. ओरडणारे सर! आम्ही दोन्ही वर्ग खिडकीला लोंबकळून पाहत होतो. बंटी गेला असता तर शेठच्या चाळीतली सगळी पोरं त्याच्यामागं गेली असती, आणि मग वर्ग उठवून आम्हाला लाईनीपलीकडच्या शाळेत घालणार, असं मोठी माणसं बोलत होती. “शेठ, पोळा तर होऊ द्या,” सर हळू आवाजात म्हणाले. “पोराचं मन इथंच रमते. माह्यावर सोडा.”

तान्ह्या पोळ्याला मी दुपारपासून मैदानात. नंदीवर आईच्या जुन्या लुगड्याची झूल, शिंगांना बेगड. दोरी ओढली की मान डोले आणि पोरं किंचाळत. पहिला नंबर आता आपल्याला शोधत येणार, अशा तोऱ्यात मी उभा.

तेवढ्यात बंटी आला. नंदी वासराएवढा, नागपुरातून आणलेला, अंगावर मखमल. दोन नोकर ओढत होते. आणि तो नंदी मान डोलवत होता. नुसती मान नाही, शेपूटही.

मला वाटलं, उन्हानं आपल्याला भलतंच दिसतंय. मी खाली वाकून त्याच्या पोटाखाली पाहिलं. तार. चाकापासून मानेपर्यंत. जिथं माझा स्पोक वाकतो, तिथंच वाकलेली.

“कोणी सांगितलं बे तुले हे?”

बंटी बिचारा साधा होता, खोटं बोलायला कधी शिकला नाही. “सरांनी. घरी आलते. पप्पाले चित्र काढून दाखवलं त्यांनी. काऊन, तूही तसाच केला?”

झडत्या झाल्या. तोरण तुटलं. सर रांगेतून फिरले, प्रत्येक नंदीपुढे थांबले, प्रत्येकाच्या शिंगांना हात लावला. माझ्यापुढे आले तेव्हा मी दोरी ओढली नाही. वाट पाहिली, ते म्हणतील, ओढ. ते नंदीकडे पाहत राहिले, माझ्याकडे नाही, आणि पुढे गेले. पहिला नंबर बंटी. मला उत्तेजनार्थ. स्टीलची वाटी. वाटी हातात देताना त्यांचा हात माझ्या डोक्यावर यायला निघाला. मी डोकं बाजूला घेतलं. माझा बाप दुकान बंद करून आला होता, हात काळेच. त्यानं टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, उत्तेजनार्थ म्हणजे मोठं काहीतरी असतं.

त्या दिवशी मी बोजारा मागायला गेलो नाही. दुसऱ्या दिवशी खाटेखालून निघालोही नाही. सरांनी गल्लीच्या तोंडाशी दोनदा आवाज दिला. मग सायकल उभी करून आत आले, खाटेवर बसले. मला वर त्यांचं वजन कळत होतं. म्हणाले, “चाल.” मी गेलो. पण वर्ष संपेपर्यंत ‘हजर’ या एका शब्दापलीकडे मी त्यांच्याशी बोललो नाही. आणि मला न बोलता राहणं म्हणजे काय, हे माझ्या घरच्यांना विचारा.

दिवाळीची सुट्टी संपली आणि बंटी आलाच नाही. एका सकाळी सर गल्लीत पोरांना हाका मारत होते आणि शेजारून कॉन्व्हेंटची पिवळी गाडी गेली. आत बंटी, गळ्यात टाय. त्यानं सरांना हात केला. सरांनीही केला. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी हात वरच होता. मग त्यांनी पुन्हा ओरडायला सुरुवात केली. माझ्या मनात ठाण मांडून बसलेल्या रागाला त्या दिवशी थोडं सरकावं लागलं, पण तो उठून गेला नाही.

शाळा पुढे बंद झालीच. मी बापाच्या दुकानाचं गॅरेज केलं. गेल्या पावसाळ्यात गिऱ्हाइकाची गाडी पोचवायला अल्लीपूरला गेलतो. कोणीतरी म्हणालं, तुमचे सर इथंच राहतात, मुलाकडे. गेलो.

सर अंगणात खुर्चीवर बसून अंबाडीची पानं खुडत होते. वाळून गेले होते. आवाज तर इतका बारीक की मला खुर्ची जवळ ओढावी लागली. मला मात्र त्यांनी नावानं ओळखलं. बापाची चौकशी केली, पोरांची केली. सुनेला चहा सांगितला. चहा झाला. मी उठलो, पुन्हा बसलो.

“सर, एक विचारू?”

“विचार ना.”

“तान्ह्या पोळ्याले पयला नंबर कोनाच्या नंदीचा होता?”

वाटलं, विसरले असतील. कोणता पोळा, कोणता नंदी असं म्हणतील. मग मीही हसून सोडून दिलं असतं.

“तुह्या,” सर म्हणाले. जरासुद्धा न थांबता.

“मंग त्याले काऊन देल्ला?”

त्यांनी एक जून पान वेगळं काढून बाजूला टाकलं. दुसरं हातात घेतलं.

“तो शाळा सोडून चालला होता,” ते म्हणाले. “तू कुठं जानार होता?”