ओटा चार इंच खाली

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. आम्ही ते वर्षानुवर्षं रस्त्याच्या पलीकडून बांधताना पाहिलं.

केंद्र सरकारच्या नोकरीत माझी हयात दिल्लीत गेली, त्यातली बरीच सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये. आमचं बिऱ्हाड विंचवाचं. बढती मिळाली की घर बदलायचं, आणि जिथे राहतो तिथली भिंत सरकारची. निवृत्तीला पाच वर्षं उरली तेव्हा बायको म्हणाली, आता एक तरी भिंत आपली हवी. गुडगावात जिकडेतिकडे टॉवर उठत होते. त्यातल्या एकात नवव्या मजल्यावरचा फ्लॅट आम्ही नकाशावर बोट ठेवून घेतला. तीन वर्षांत ताबा देतो, असं बिल्डरने सांगितलं होतं. मी सरकारी माणूस असल्यामुळे तीनचे पाच होणार हे गृहीत धरलं होतं, पण सात होतील असं वाटलं नव्हतं.

जागा एका जुन्या गावाला चिकटून होती. गावकऱ्यांनी आपापल्या घरांवर चार-पाच मजले चढवून भाडेकरू भरले होते, आणि गल्ली इतकी अरुंद की सिमेंटचा ट्रक आत शिरला की म्हशी, शाळेच्या रिक्षा, पाण्याचे टँकर सगळे खोळंबायचे. त्या गर्दीच्या मधोमध, निळ्या पत्र्यांच्या कुंपणात, आमचा टॉवर वर चढत होता. महिन्यातून एका रविवारी आम्ही मेट्रोने जायचो, कुंपणासमोरच्या टपरीवर चहा घ्यायचो आणि मजले मोजायचो. तळमजला धरायचा की नाही यावरून आमचा दर वेळी वाद व्हायचा. नववा मजला एकदाचा ओतला गेला त्या दिवशी तिने टपरीवाल्याला चहाबरोबर बिस्किटाचा पुडा मागितला. तिच्या हिशेबी तो सणच होता.

कुंपणाच्या दारावर पाटी होती, ‘बिना अनुमति प्रवेश वर्जित’. तरीही फ्लॅट घेतलेली मंडळी डोक्यावर पिवळं हेल्मेट चढवून खुशाल आत जाताना दिसायची. वरून फोटो काढायची, खाली उभ्या असलेल्या नातेवाइकांना हात करायची. बायको त्यांच्याकडे पाहत राहायची. मला त्यांचा राग यायचा. कागदावर घर अजून बिल्डरचं, आणि हे आपले पडदे लावायच्या गोष्टी करतात.

माझा राग कुठून येत होता तेही सांगायला हवं. नोकरीची अनेक वर्षं मी लोकांना सरकारी घरांच्या किल्ल्या देण्याचं काम केलं. हातात कागद आल्याशिवाय मी कुणाला किल्ली दिली नाही. भर मे महिन्यात बंद दारासमोर ट्रंकांवर बसलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. पाणी पाजलं, पण कुलूप उघडलं नाही. याचा मला अभिमान होता. ऑफिसात लोक माझी थट्टा करायचे की यमसुद्धा यांच्याकडे आला तर आधी त्याची ऑर्डर तपासतील. ही थट्टा मी घरी येऊन हौसेने सांगायचो, आणि तीही हसायची.

पाचव्या वर्षी तिच्या हृदयाचं दुखणं निघालं. आठ दिवस इस्पितळात काढून ती घरी आली. पुढच्याच महिन्यात, मी नको नको म्हणत असताना, ती माझ्याबरोबर टपरीवर आली. चहा न पिता बराच वेळ वर बघत बसली.

“अहो, एकदा वर जाऊन येऊ या ना,” ती म्हणाली. “मला काही करायचं नाही. नुसतं उभं राहायचंय.”

“पझेशन लेटर येऊ दे,” मी म्हणालो. “मग रोज उभी राहा.”

ती पुन्हा म्हणाली नाही. मला वाटलं, पटलं असेल. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको गप्प बसली की नवऱ्याला हमखास असंच वाटतं.

मी निवृत्त झालो, क्वार्टर सोडलं, जवळच दोन खोल्या भाड्याने घेतल्या. त्यानंतरच्या हिवाळ्यात ती गेली. टॉवर तेव्हा पूर्ण उभा होता, बाहेरून रंगही लागला होता, फक्त लिफ्टची काही मंजुरी यायची राहिली होती. बंगळुरूहून मुलगी आली, पंधरा दिवस राहिली आणि तिच्या कामावर परत गेली. मग मी एकटा. एकट्या माणसाचं सगळं काम सकाळी नऊ वाजता संपतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. नंतरचा दिवस मी मेट्रोत बसून काढायचो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिथे निदान शेजारी कुणी बसलेलं असायचं. गुडगावकडे मात्र मी वर्षभर फिरकलो नाही.

मग पझेशन लेटर आलं. त्यावर दोघांची नावं होती, तिचं आधी.

ताबा घेताना घरात काय उणं आहे ते एका फॉर्मवर लिहून द्यायचं असतं. या कामात माझा हातखंडा. टेप, टॉर्च, उतार पाहायची पाणसळ, खडू असं सगळं घेऊन मी गेलो आणि दोन तास ते रिकामं घर इंचाइंचाने तपासलं. खरं सांगायचं तर मला ते घर आवडूच नये असं वाटत होतं. सतरा दोष सापडले. बाथरूमचा उतार उलटा, एका खिडकीची कडी लागत नाही, असे. अकरावा दोष मोठा होता. स्वयंपाकघराचा ओटा तीस इंचांवर बसवलेला. करारात चौतीस होता. शेजारचं दार उघडंच होतं, तिथे जाऊन मोजलं, चौतीसच. मी लिहिलं, ‘गंभीर चूक, ओटा चार इंच खाली’, आणि खाली रेघ मारली.

साइट इंजिनियर तिशीची एक मुलगी होती, झारखंडकडची. शांतपणे ती एकेक ओळ वाचून खूण करत होती. अकराव्या ओळीवर थांबली.

“सर, ये तो मॅडमने करवाया था.”

मी म्हटलं, तुमची गफलत होतेय, दुसरा कुठला फ्लॅट असेल. नाही, म्हणाली, हाच. बुटक्याशा, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत स्टीलचा डबा होता, त्यातले बेसनाचे लाडू त्यांनी मिस्त्रींना वाटले होते. मग तिने विचारलं, मॅडम आल्या नाहीत का आज. मी सांगितलं. तिने हातातलं पेन खाली ठेवलं.

माझी बायको पाच फुटांच्या आतली. सरकारी ओटे सगळ्यांसाठी एकाच मापाचे, म्हणून जन्मभर ती पायाखाली लाकडी पाट घेऊन पोळ्या लाटत आली. पाटावरून दोनदा पडलीही होती. ओट्याची उंची कमी करता येते, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.

इंजिनियरने सांगितलं ते असं: ती तीनदा आली होती, त्या पाचव्या वर्षीच, मी ऑफिसात असताना. मेट्रो, मग रिक्षा, मग मजुरांना वर नेणाऱ्या पाळण्यातून नवव्या मजल्यावर. पहिल्यांदा नुसती पाहून गेली. दुसऱ्यांदा मिस्त्रीने तिला भिंतीला लावून उभं केलं आणि तिच्या कोपराच्या मापाने ओट्याची खूण केली. तिसऱ्यांदा ओटा बसला होता. त्यावर हात फिरवून ती बाल्कनीत एका उपड्या घमेल्यावर अर्धा तास बसून राहिली. सरोजिनी नगर कोणत्या बाजूला, असं विचारलं तिने.

“मला का नाही सांगितलं कुणी?” मी मराठीतच विचारलं. इंजिनियरला ते समजलं.

“मॅडमने मना किया था, सर. बोलीं, साहब नियम के बहुत पक्के हैं, उनको बुरा लगेगा.”

मी बायकोवर कधी आवाज चढवला नाही. हात तर लांबच राहिला. तरीही मला चोरून तिला स्वतःच्या घरात यावं लागलं. याहून मोठी लाज मला आयुष्यात वाटलेली नाही.

मी अकरावी ओळ खोडली आणि बाजूला सही केली. इंजिनियर म्हणाली, उंच करून देऊ शकतो, दोन दिवसांचं काम आहे. मी नको म्हटलं. आता त्याच ओट्यावर वाकून माझं भात-वरण होतं, पाठ दुखते. ‘बाबा, ती स्लॅब वर करून घ्या ना,’ असं लेक फोनवर म्हणते, आणि मी विषय बदलतो.

त्या दिवशी निघताना मी इंजिनियरला शेवटचं एक विचारलं. बांधकाम चालू असताना आत यायला कुणाची परवानगी लागायची? सवयीने मला वाटलं, अर्ज असेल, वरच्या कुणाची तरी मंजुरी असेल.

“कुछ नहीं सर. गेट के रजिस्टर में लिखना होता था, बस. नाम, फ्लॅट नंबर, आने का कारण.”

म्हणजे नियम होता. इतकी वर्षं मी त्या पाटीसमोर चहा प्यालो आणि एकदाही दारापर्यंत जाऊन विचारलं नाही. ती दारापर्यंत गेली, तिने विचारलं आणि नियमाने आत आली. मी ते रजिस्टर पाहायला मागितलं. जुनी रजिस्टरं रद्दीत गेली, असं कळलं. तिने तीन वेळा त्या रकान्यात काहीतरी लिहिलं असणार. येण्याचं कारण म्हणून तिने काय लिहिलं होतं, ते मला आता कधीच कळणार नाही.