रूथबाईंच्या बाजूची स्प्रिंग

गॅरेजात गाडीपेक्षा माणूसच जास्त थांबतो, आणि थांबलेल्या माणसाजवळ किस्से साचत जातात. मी नगरला दवाखान्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होतो. निम्मी नोकरी शमुवेलमिस्त्रींच्या गॅरेजातल्या बाकावर गेली. तेव्हा त्यांचे किस्से सांगायचा हक्क माझाच!

*

मिस्त्री टायरवरून तळहात फिरवायचे. हात आत नेताना गुळगुळीत आणि बाहेर आणताना बोचलं, की चाक तिरपं. एकदा मी दगडावर गाडी घातली आणि गुपचूप सर्व्हिसिंगला लावली. मिस्त्रींनी हात फिरवला.

"दगड लई मोठा हुता का रं?"

मी उठून चहा सांगायला गेलो.

*

लष्करी कॅम्पातले एक साहेब चाकांचा तिरपेपणा मोजायचं नवं यंत्र घेऊन आले. मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे सुतळी ताणून, खडूच्या खुणा करून चाकं सरळ केली होती. साहेबांनी अर्धा तास मोजलं. केसाचाही फरक निघेना!

मिस्त्री खूश. "साहेब, यंत्र झकास हाय तुमचं. बिनधास्त वापरा!"

*

आमचा ट्रक छोटा, जुना, विलायती. बाकीच्या ट्रकांना पुढे स्प्रिंगचे पाटे, आमच्याला गुंडाळीच्या स्प्रिंगा. त्यातली डावी मोडली. जोडी कुठेच मिळेना, पुण्याहून एकच आली. उजवी जुनी, दबलेली; ही नवी बसवली तर ट्रकची डावी बाजू वर आणि चाक वरून बाहेर फाकलेलं!

"ह्या अंगाला कोन बसतं?" मिस्त्रींनी विचारलं.

"रूथबाई." आमच्या हेडनर्स, अंगाने चांगल्या भरभक्कम.

"मंग बाईंना घिऊन ये."

भर दुपारी बाई सीटवर बसून राहिल्या. ट्रक सपाट झाला. मिस्त्रींनी तशीच सुतळी ताणून चाकं सरळ केली. बाई तणतणत उतरल्या, "मिस्त्री, मी काय गव्हाचं पोतं आहे?"

"न्हाई बाई, तुमी आता गाडीचा पार्टच झाला!"

*

बाई रजेवर गेल्या. त्यांच्या जागी आमचे किडकिडीत डॉक्टर बसले, आणि ट्रक डावीकडे ओढायला लागला. मिस्त्रींनी डॉक्टरांच्या पायाशी खरोखरच गव्हाचं पोतं ठेवलं! डॉक्टरांनी निमूट पाय वर घेतले.

*

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. बाई आणि मी रोज खडीच्या कामांवर पोरांना दूध न्यायचो. पुढचे टायर होते तेवढेच, दुसरे मिळायची आशा नव्हती. ते गेले असते तर पोरांचं दूध बंद! आणि नेमका तेव्हाच ट्रक पुन्हा डावीकडे ओढू लागला, डावा टायर बाहेरच्या कडेने झिजू लागला. बाई तर रोज शेजारी बसलेल्या. मी ट्रक गॅरेजात नेला.

मिस्त्रींनी स्प्रिंग पाहिली, बुश पाहिले. सगळं ठणठणीत. मग बाईंना सीटवर बसवून सुतळी ताणली. बाई बसल्या तरी डावी बाजू वरच! बराच वेळ सुतळीकडे पाहिलं, नंतर बाईंकडे. बाई दुसरीकडेच बघत होत्या.

मिस्त्रींनी मला बाजूला घेतलं. "बाईंचा डबा कोन खातं रं?"

"बाईच. पोरांच्यात जाऊन बसतात. रोज रिकामा परत येतो."

मिस्त्रींनी सुतळी गुंडाळली आणि गॅरेजामागच्या आपल्या घरात आवाज दिला, "दोन भाकरी जास्तीच्या टाका गं!"

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गाडीला काय बी झालं न्हाई. उद्यापास्नं बाई हितं जेवून जातील. त्याबिगर ट्रक हलवायचा न्हाई!"