म्हसोबाच्या देवळाजवळची रेषा

लिहिण्याचं धाडस करतो आहे, त्याबद्दल आधी माफी मागतो. मी लेखक नाही. बारावीनंतर शिपाई म्हणून पोलिसात लागलो, फौजदार होऊन निवृत्त झालो आणि आता साठी ओलांडल्यावर बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसलो आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. वर्गातली मुलं मला काका म्हणतात. निबंध लिहिताना अजूनही पंचनाम्यासारखा लिहितो, असं आमच्या मॅडम म्हणतात. तसं इथेही झालं तर सांभाळून घ्यावं.

गेल्या महिन्यात भूगोलाच्या प्रात्यक्षिकात मॅडमनी फळ्यावर काही शब्द लिहिले. नकाशातली माहिती संगणकावरच्या ड्रॉइंगमध्ये आणायची असेल तर ते माहीत हवेत, असं त्या म्हणाल्या. लेअर, निर्देशांक, कंट्रोल पॉइंट. मुलं वहीत उतरवून घेत होती. माझा हात चालला नाही. हे शब्द मी आधीच शिकलो होतो, पोलीस ठाण्यात, एका रडवेल्या मुलाकडून. ती घटना तेव्हापासून माझ्या मनातून गेलेली नाही.

माझ्या नोकरीची शेवटची वर्षं होती. अंबडच्या पलीकडे रस्त्याकडेने पाण्याची नवी पाइपलाइन टाकायचं काम चालू होतं. घोटीकडचा एक मजूर पहारीने चर खोदत होता. पहार जमिनीखालच्या वीजवाहिनीला लागली आणि तो जागीच गेला. ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली आणि तपास माझ्याकडे आला.

मी पोहोचलो तोवर जागेची पार दशा झाली होती. त्याला बाहेर काढायला यंत्र लावलं होतं, त्याने चराच्या कडा खचल्या होत्या. खोदाईसाठी चुन्याने आखलेली रेषा, जिला ही माणसं फक्की म्हणतात, ती गर्दीच्या पायांखाली गेली होती. ठेकेदाराच्या सुपरवायझरने जबाब दिला की मयत फक्की सोडून खणत होता. त्याने ड्रॉइंगही दाखवलं. त्यात वीजवाहिनीची लाल रेषा देवळामागून जात होती आणि चराची निळी रेषा रस्त्याच्या बाजूला, तिच्यापासून चांगली लांब होती. म्हणजे पहार वाहिनीला लागली याचा अर्थ तो रेषा सोडून भरकटला. कागदावर बघितलं तर त्याचं म्हणणं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी मयताची बायको आणि तिचा सासरा, म्हणजे मयताचा बाप, ठाण्यात आले. सासरा जुना मुकादम. मुलाला हे काम त्यानेच शिकवलेलं. हवालदाराने चहा पुढे केला तर त्याने कप तसाच ठेवला. बाई एकच गोष्ट सांगत होती, की तिचा नवरा फक्कीच्या बाहेर कधी जायचा नाही. म्हाताऱ्याने तिला गप्प केलं.

"मी त्याला लहानपणापासून सांगितलं व्हतं, फक्की वलांडायची नाय म्हणून," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "वलांडली, अन् गेला. माझ्या हाताखाली शिकलेला माणूस, अन् अशी चूक. आता गावात काय सांगू?"

"ठेकेदाराचं खरं मानता मामा, अन् आपल्या लेकाचं नाय," बाई म्हणाली.

पुढे ती मला म्हणाली की त्यांनी घरात मुलाचा फोटोसुद्धा लावू दिलेला नाही. मुलगा गेल्याचं दुःख त्या माणसाला होतंच, पण मुलाने कामाला बट्टा लावला याची लाज त्याहून मोठी होती. नोकरीत मी पुष्कळ रडणारी माणसं पाहिली. न रडणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते.

चार-पाच दिवसांनी ठाण्यात एक फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. ड्रॉइंग अपघातानंतर बदललंय, ते काढणाऱ्या पोराला विचारा, एवढंच सांगून त्याने ठेवून दिला. असे फोन निम्मे खरे असतात, निम्मे कुणाच्या तरी रागातून येतात. तरी पंचांसमक्ष ड्रॉइंग काढणाऱ्या कार्यालयातला संगणक ताब्यात घेतला. तज्ज्ञाने तपासून सांगितलं की अपघातानंतर ड्रॉइंगला हात लागलेला नाही. मग मी त्या मुलाला बोलावलं.

तो पंचविशीचा असेल. देवळा तालुक्यातला, आईवडिलांचं शिक्षण नाही, हा डिप्लोमा करून शहरात आलेला. बस म्हटलं तरी उभाच राहिला. मी आवाज चढवला नाही. भ्यालेल्या माणसावर ओरडलं की तो काहीही कबूल करतो आणि तपास तिथेच बिघडतो. मी म्हटलं, मी अडाणी आहे असं समज आणि कसं काढलंस ते पहिल्यापासून सांग.

त्याने सांगितलं. वीजवाहिनीचा जुना नकाशा स्कॅन होऊन आला होता. त्याला निर्देशांक नव्हते, म्हणजे तो पृथ्वीवर नेमका कुठे बसतो ते त्यावर लिहिलेलं नव्हतं. तो नकाशा त्याने एका लेअरवर ठेवला. लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा, असं म्हणाला. खालच्या लेअरवर आजचं उपग्रहचित्र होतं. आता जुना कागद नव्यावर नीट बसवायचा, तर दोन्हींत दिसणाऱ्या खुणा एकमेकींवर टेकवाव्या लागतात. त्यांना कंट्रोल पॉइंट म्हणतात.

"जागेवर गेला होतास?" मी विचारलं.

"नाही साहेब. आम्हाला फाइली येतात. जागेवर कोणी पाठवत नाही."

"मग खुणा कुठल्या घेतल्या?"

"न हलणाऱ्या घ्यायच्या असतात. एक रस्त्याखालची मोरी घेतली आणि एक म्हसोबाचं देऊळ. देव कुठे हलतो साहेब?"

माझा पेन थांबला. तो देव हलला होता. मी शिपाई असताना त्या रस्त्याचं रुंदीकरण झालं, तेव्हा गावकऱ्यांनी नारळ फोडून, वाजतगाजत म्हसोबा मागे नेला होता, जवळजवळ एका बैलगाडीच्या लांबीइतका. वाद होऊ नये म्हणून त्या दिवशी बंदोबस्ताला मीच उभा होतो. मला प्रसादाचा पेढाही मिळाला होता. जुन्या नकाशात देऊळ जुन्या जागी होतं, उपग्रहचित्रात नव्या. मुलाने जुनं देऊळ नव्यावर टेकवलं आणि मोरीपाशी धरून अख्खा नकाशा फिरला, देवळाकडे वीजवाहिनीची रेषा तेवढीच मागे गेली.

हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, आता देवाचा पण जबाब घ्यायचा का?" मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

वीजखात्याचे लोक आणि पंच घेऊन आम्ही जागेवर तीन ठिकाणी सांभाळून खड्डे घेतले. मोरीजवळ वाहिनी ड्रॉइंगमध्ये होती तिथेच सापडली. मधल्या खड्ड्यात ती रस्त्याच्या बाजूला सरकलेली होती. देवळाजवळ ती बरोबर तिथे होती जिथे चर आखलेला होता, आणि ड्रॉइंगमधल्या जागेपासून तेवढीच लांब, जेवढा देव मागे गेला होता. म्हणजे तो मजूर फक्कीवरच खणत होता. फक्कीच मृत्यूवर मारलेली होती.

तो मुलगा खड्ड्याच्या कडेला उकिडवा बसला आणि बराच वेळ उठला नाही. ती जागा तो पहिल्यांदाच बघत होता.

त्याच आठवड्यात मी घोटीकडे जाऊन म्हाताऱ्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुम्ही चांगलं मानूस हाय म्हणून सांगता. ठेकेदारानं बी तोंडानंच सांगितलं व्हतं. कोर्टाच्या कागदावर येऊ द्या, मंग मानीन."

सुपरवायझर आणि ड्रॉइंग काढणारा मुलगा, दोघांवर दोषारोपपत्र गेलं. मी निवृत्त झालो. तारखा पडत राहिल्या, साक्षीला तेवढा जाऊन आलो. त्या मुलाने ड्रॉइंगचं काम सोडलं आणि गावी कांद्याच्या खळ्यावर लागला, असं कळलं. मला त्याचा राग कधी आला नाही. या प्रकरणाने मला एवढंच शिकवलं की एखादी गोष्ट हलत नाही असं धरून चालण्याआधी तिथल्या माणसाला एकदा विचारावं. मलाही कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण विचारायला कोणी आलं नाही, आणि मला तरी कुठे माहीत होतं की ही गोष्ट कोणाला सांगायला हवी.

मॅडमनी ते शब्द फळ्यावर लिहिले, त्यानंतरच्याच आठवड्यात ठाण्यातल्या जुन्या हवालदाराचा फोन आला. निकाल लागला होता. वाहिनी नेमकी कुठे आहे ते बघायला आधी चाचणी खड्डे न घेता खोदाई सुरू केली म्हणून सुपरवायझरला दोषी धरलं होतं, ड्रॉइंग काढणारा मुलगा सुटला होता. आणि निकालपत्रात स्पष्ट लिहिलं होतं की मयत आखलेल्या रेषेवरच काम करत होता, त्याची काही चूक नव्हती.

मी लगेच घोटीला फोन लावला. मयताच्या बायकोने उचलला. मी निकाल सांगितला आणि म्हटलं, मामांना फोन द्या, त्यांना मी स्वतः सांगतो.

"मामा पोळ्याच्या आधीच गेले साहेब," ती म्हणाली.

मी तिच्या नवऱ्याच्या फोटोचं विचारलं.

"मामांचा फोटो लावायला भिंतीत खिळा मारला, तवा शेजारी दुसरा बी मारला. दोघांचे एकदमच लावले. कागद कधी यायचा, ते काय आपल्या हातात हाय?"