लळिंगच्या खेळाचा सल्लागार

निवृत्तीनंतर मला कोणी विचारत नव्हतं, म्हणून मी हो म्हणालो. उगाच त्याला तत्त्वाचं नाव कशाला देऊ? जळगावात एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर मोबाइलवरचे ऐतिहासिक खेळ बनवणारी कंपनी निघाली होती. मालक पाचोऱ्याकडच्या केळीवाल्या घरातला. त्याला धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यावर खेळ काढायचा होता आणि त्यात 'इतिहास सल्लागार' म्हणून माझं नाव हवं होतं. जन्मभर शाळेत इतिहास शिकवून माझ्याकडे तेवढं नावच उरलं होतं. त्याच्याखाली खोटं जाऊ द्यायचं नाही, एवढं ठरवून मी गेलो.

पहिल्याच आठवड्यात कळलं, इथे इतिहास कोणालाच नको आहे. मालक रोज सकाळी चहाबरोबर फोनवर दोन गोष्टी बघायचा, केळीचा भाव आणि खेळांची क्रमवारी. दोन्हीकडे बघताना चेहरा तोच. देशातला बाजार त्याने मला समजावला; समजायला फार डोकं लागत नव्हतं. जयंती जवळ आली की किल्ल्यांचे खेळ वर चढतात, मिरवणूक संपली की खाली येतात. छाती फुगवलेले लोक खेळ फुकट उतरवून घेतात. पुढची पातळी विकत घ्या म्हटलं की अभिमान ओसरतो आणि खेळ फोनमधून जातो. मग उरतात जाहिराती. इकडे तलवार उपसली की तिकडे साबण सुरू.

मी लळिंगवरची पाण्याची टाकी लिहून दिली होती. वेढा पडलाय, टाक्यांतलं पाणी किती दिवस पुरवाल, हाच खेळ. मला ते फार आवडलं होतं. मालकाने वाचलं आणि म्हणाला, "सर, पाण्याला उठाव नाही. भुयार टाकू."

"लळिंगला असं भुयार नाही."

"पण शोधायला लोक परत परत येतात ना. सध्या भुयाराचेच खेळ टिकतायत."

जयंती तोंडावर आली तरी खेळ अर्धवटच होता. मालकाचे वडील, सगळे त्यांना नाना म्हणत, खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. त्यांनी निकाल दिला, "गुरुजी, केळी कच्चीच काढतस, वाटमा पिकतस." वाटेत पिकेल, हे पोराला पटलं. खेळ तसाच बाजारात गेला. घोडे तटाच्या भिंतीवर आडवे चालत होते आणि किल्लेदार गुडघ्यापर्यंत जमिनीत रुतलेला होता. केळी वखारीत पिकतात, खेळ कुठे पिकणार होता?

भुयार काढून टाका, असं मी शेवटपर्यंत सांगितलं, असं लिहायला आवडलं असतं. पण पहिल्याच पडद्यावर मोठ्या अक्षरांत माझं नाव आलं आणि मी गप्प बसलो. वर त्याचा फोटो काढून नातेवाइकांना पाठवला.

आठवडाभर खेळ चढला, मग लोकांनी शिव्या घातल्या आणि तो तळाला गेला. मला हायसं वाटलं. आता हे कोण बघतंय, असं म्हणून मी निवांत झालो.

मग पिंपळनेरहून फोन आला. माझी जुनी विद्यार्थिनी तिथे शिक्षिका आहे. म्हणाली, "सर, लळिंगचं भुयार मी वर्गात शिकवलं. खेळावर तुमचं नाव होतं, म्हणून कुठे ताडून पाहिलं नाही. परीक्षेत प्रश्नही घातला. एका मुलीने लिहिलं, असं भुयार नाही, मी गड पाहिलाय. मी तिचे गुण कापले. आता तिचे वडील शाळेत येऊन बसलेत. काय सांगू?"

"मुलीचं बरोबर आहे," मी म्हणालो. "भुयार नाही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

मुलीचे गुण देते, म्हणाली. फोन ठेवेल असं वाटलं, पण तिने ठेवला नाही. शाळेत ती विचारायची तशाच साध्या, आदराच्या आवाजात तिने विचारलं, "सर, तुम्ही आम्हाला शिकवलंत, त्यातलं अजून काय काय तपासून घेऊ?"