मळ न दिसणारा रंग

माझ्या आईने आजवर काय काय धुतलं हे सांगायला बसले की ऐकणारे पोट धरून हसतात. भांडी, कपडे, अंगण सगळ्यांच्याच आया धुतात. आमची आई नवा गॅस सिलेंडर आला की तो आत घेण्याआधी धुते. तिने मोटारपंप धुतला आहे, टीव्हीचा रिमोट धुतला आहे, आणि माझी स्कूटी एकदा इतकी मन लावून धुतली की ती पुढे कितीतरी दिवस सुरूच झाली नाही. मेकॅनिकने विचारलं, "म्याडम, नदीत पडली काय गाडी?" मी म्हटलं, नाही, आई आहे घरी.

आम्ही दर्यापूरच्या रस्त्याला राहतो, शेतातच घर आहे. बाबा आणि धाकटा भाऊ झेंडू, शेवंती लावतात, उरलेल्या रानात सोयाबीन. मी अमरावतीला एका क्लासमध्ये गणित शिकवते. डांबरी सडकेपासून आमच्या दारापर्यंत काळ्या मातीची वाट आहे. पावसाळ्यात ती पायाला चिकटलेली असते आणि उरलेलं वर्षभर हवेत. अशा ठिकाणी आमच्या आईने संसार केला, म्हणजे सगळा जन्म मातीशी भांडण्यातच गेला म्हणायचं.

मागच्या हिवाळ्यात ती विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडावरून घसरली आणि उजवा खांदा दुखावून बसली. हात खांद्याच्या वर जाईना. अमरावतीच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं की यापुढे भरलेली बादली उचलायची नाही, पुन्हा दुखावला तर ऑपरेशनशिवाय इलाज नाही. आईने शहाण्यासारखी मान डोलावली. त्याच संध्याकाळी ती डाव्या हाताने बादली उचलताना सापडली.

"डाव्या हाताचं डाक्टर काई बोलले नाईत," ती म्हणाली.

आणि नेमकी त्याच वर्षी मी गाडी घ्यायची ठरवली होती. चारचाकी, घरातली पहिली! मी इतकी हरखले होते की वर्गात फळ्यावर वर्तुळ काढलं तरी मला चाक दिसायचं. पण बाबांनी माझ्या उत्साहात खडा टाकला. शेवंतीच्या वाफ्यात मला आणि भावाला बाजूला घेऊन ते म्हणाले, "गाडी आली का तुही माय तिले रोज धुईन. बादली उचलनार, खांदा जानार. मंग कारमदी बसून दवाखान्यात जाऊ आपन."

यात खोटं काहीच नव्हतं. आईला धुवू नको म्हणणं म्हणजे पावसाला पडू नको म्हणणं. बरीच डोकेफोड झाल्यावर भावाला युक्ती सुचली. आईला मळ दिसला की ती धुते, बरोबर? मग मळ दिसणारच नाही असा रंग घ्यायचा. आईला काही सांगायचं नाही, नाहीतर ती हट्टाने धुईल. मला माझ्या भावाचा एवढा अभिमान त्याच्या बारावीच्या निकालालाही वाटला नव्हता.

झालं, आम्ही कामाला लागलो. बडनेऱ्याला स्टेशनबाहेर गाड्या लावून नोकरीवाले रेल्वेने जातात, काही गाड्या दिवसचे दिवस तशाच उभ्या असतात. मे महिन्याच्या भर उन्हात आम्ही तिघे तिथे पोचलो आणि धुळीने भरलेल्या गाड्यांच्या रांगेतून हिंडू लागलो. भाऊ प्रत्येक गाडीवर बोटाने रेघ ओढायचा, मी दहा पावलं मागे जाऊन डोळे बारीक करून बघायची, आणि बाबा रेघेतली धूळ चिमटीत चोळून ही कोणत्या गावची ते सांगायचे. ते खरं होतं की नाही देव जाणे, पण सांगायचे मात्र ठामपणे.

मला वाटलं होतं की काळ्या मातीच्या मुलखात काळी गाडी सगळ्यात सोयीची. बाबा हसले. "वली असते तवरच कायी. वायली का राखेवानी." आणि खरंच, पार्किंगमधल्या काळ्या गाड्या सगळ्यात वाईट दिसत होत्या, अंगाला राख फासून बसल्यासारख्या. लाल गाडी धुळीने वाळल्या मेहेंदीच्या रंगाची झाली होती. निळीकडे तर बघवत नव्हतं.

एवढ्यात पार्किंगवाला काठी आपटत आला. "ओ काका, काहून गाड्याईले बोटं लावून राहिले?"

"मळ पाहून राहिलो," बाबा म्हणाले.

त्याला आम्ही चोर वाटलो असणार, पण इतक्या वेडपट चोरांशी कसं वागायचं हे त्याला कळेना. मी सगळी हकीकत सांगितली, आईच्या खांद्यासकट. तेव्हा तो एकदम आमच्यातलाच झाला. काठी काखेत मारून आम्हाला पार टोकाला घेऊन गेला. तिथे एक फिकट राखाडी गाडी उभी होती.

"हे तं आजच धुतलेली दिसते," बाबा म्हणाले.

"धुतलेली?" तो खो खो हसला. "हिचा मालक दिवाईपासून आलाच नाई!"

भावाने रेघ ओढली तर बोट मातीने भरलं, पण गाडीवर रेघ दिसेचना. आम्ही तिघांनी त्या परक्या गाडीभोवती जो आनंद केला तो बघून पार्किंगवाल्यानेही टाळ्या वाजवल्या. येताना बाबांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला, त्यालाही.

पण बाबांचं समाधान झालं नव्हतं. ती बडनेऱ्याची धूळ, आपल्या मातीचं काय? अमरावतीच्या शोरूममध्ये सेल्समन आम्हाला रंगांची इंग्रजी नावं ऐकवत होता, त्यात मोती होते, चांदणं होतं, समुद्र होता. बाबांनी खिशातून प्लास्टिकची पुडी काढली. मला वाटलं, सुपारी खातील. त्यांनी पुडी सोडली आणि देवाला बुक्का वाहावा तशी चिमूटभर शेतातली माती चकचकीत पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर टाकली. मग लाल गाडीवर, मग निळीवर. सेल्समनच्या तोंडातला समुद्र तिथेच आटला.

"काका! काका, काय करून राहिले तुमी?"

"थांबा ना बाप्पा," बाबा म्हणाले आणि राखाडी गाडीकडे वळले. तिथे माती टाकली आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. स्वतः टाकलेली माती त्यांना सापडेना. मला हसू इतकं आवरेना की मी पाणी प्यायच्या निमित्ताने कूलरमागे जाऊन उभी राहिले. भाऊ तर जमिनीवरच बसला. सेल्समन पिवळं फडकं घेऊन एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर धावत होता.

"हाच द्या," बाबा म्हणाले.

"हा कलर कोणी घेत नाई काका. मागवावा लागन. पांढरी घेऊन टाका, उद्या भेटते."

"मागवा."

गाडी पोळ्याच्या सुमारास आली. आईने तिला ओवाळलं, चाकांखाली लिंबू ठेवलं, आणि पुढच्या सीटवर अशी ताठ बसली की मला वाटलं आता भाषण करते. रंगाबद्दल एवढंच बोलली, "भस्म्या रंगाची हाय. बरी हाय." आम्ही तिघांनी आरशातून एकमेकांना डोळे मिचकावले.

आणि काय सांगू, रंगाने कमाल केली! बाबा आणि भाऊ पहाटेच फुलं तोडायला जात, माझे क्लास दुपारनंतरचे म्हणून मी निवांत उठत असे, आणि उठून बघावं तर गाडी जशीच्या तशी. चिखल गेला, ऑक्टोबरचं ऊन आलं, शेजारच्या रानात सोयाबीन काढायला मळणीयंत्र लागलं, कुटार, म्हणजे शेंगांचा भुसा, उडून आमच्या डाळीत पडायला लागलं, पण गाडी स्वच्छ. आम्ही तिला एकदाही पाणी लावलं नव्हतं. बाबा फुलबाजारात ज्याला त्याला सांगत सुटले. "कंपनीले बी मालूम नाई असा रंग आमी हुडकला." दोघातिघांनी तर बाबांकडे येऊन सल्लाही विचारला. मी क्लासमध्ये मुलांना निरीक्षण म्हणजे काय हे शिकवताना हेच उदाहरण दिलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी फुलं न्यायला येणारा टेम्पो आलाच नाही. झेंडू तोडून ठेवलेला, सणाचा बाजार, थांबणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, आपली गाडी कशाला आहे? डिकी भरली, मागची सीट भरली, तरी गठ्ठे उरले. भाऊ स्टुलावर चढला आणि टपावर गठ्ठे बांधू लागला. बांधता बांधता तो टपावर पोटावर आडवा झाला, आणि खाली उतरला तेव्हा त्याचा पांढरा सदरा गळ्यापासून कमरेपर्यंत मातीचा झालेला होता. कुटारही चिकटलं होतं. आधी आम्ही पोटभर हसलो. रंगाने काय झाकलं होतं बघा!

मग बाबांनी सवयीने दारावर बोट ओढलं. बोट स्वच्छ होतं. त्यांनी बॉनेटवर ओढलं, तेही स्वच्छ. हात वर करून टपावर ओढलं तर बोट मातीने भरलं. मीही माझ्या बोटाने तेच केलं. टपावर मातीचा थर होता, आणि खिडक्यांच्या वरच्या कडेपासून खाली गाडी आरशासारखी. आईचा दुखरा हात जिथपर्यंत वर जातो, तिथपर्यंत.

आम्ही तिघेही हसायचे थांबलो.

आई आत भाकरी थापत होती. मी चुलीपाशी जाऊन विचारलं, "आई, गाडी तू धुतेस?"

"धुतो कुठं? तुमी सारे जाता, झोपता, तेवढ्यात हात फिरवतो."

"बादलीने?"

"अर्धी असते. अर्ध्या बादलीले काय बादली म्हनते कोनी?"

मग माझ्याने राहवलं नाही. तुझ्या खांद्यासाठी आम्ही काय काय केलं, बडनेरा, पार्किंगवाला, बाबांची मातीची पुडी, सगळं तिला सांगून टाकलं. शोरूममध्ये माती टाकली हे ऐकून आई हसायला लागली. हसता हसता परातीवरून मागे सरकली, डोळे पदराने पुसले, आणि पुन्हा हसली. तिचं हसणं ऐकून दाराशी उभे असलेले बाबाही ओशाळे होऊन हसू लागले.

"मले इचारायचं होतं ना," ती म्हणाली. "मी पांढरी सांगतली असती."

"पांढरी? तिच्यावर तर सगळंच दिसतं!"

"दिसाले तं पायजे! मले मळ अंधारात बी दिसते, बाई. तुमाले दिसत नाई. पांढरी असती तं तुमाले दिसला असता, तुमालेच लाज वाटली असती, अन् तुमीच धुतली असती. आता तुमी असा रंग आनला का कोनालेच काई दिसत नाई. मंग रायलं कोन?"

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. तव्यावरची भाकरी उलटता उलटता सांगितलं. मला मात्र तिच्याकडे बघवेना, आणि तरी हसूही येत होतं, कारण तिघांनी मिळून एवढी अक्कल लढवली होती ती मळ आमच्यापासूनच लपवण्यासाठी.

बाबांनी बाहेर जाऊन टपावरचे गठ्ठे सोडून खाली ठेवले आणि विहिरीवरून बादली भरून आणली. बाजाराला उशीर होत होता, भाऊ घड्याळ दाखवत होता, पण बाबा स्टुलावर चढलेच. मग भावाने फडकं घेतलं, मी पाणी ओतायला लागले. टपावरून चिखलाचे ओघळ माझ्या ड्रेसवर, भावाच्या डोक्यावर, सगळीकडे. भावाने मुद्दाम माझ्यावर फडकं पिळलं, मी त्याच्यावर तांब्या ओतला, आणि बाबा वरून दोघांनाही शिव्या देत हसत होते.

आई बाजेवर येऊन बसली. "डाव्या बाजूले रायलं," तिने सांगितलं. "कोपऱ्यात अजून घासा. हां, तिथं." ती उठली नाही. आम्ही टप पूर्ण धुवून होईपर्यंत तिचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि तिने ते हलवले नाहीत.